साठ हजारांचा डॅक घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधला फ्लॅट, १० बाय १४ फुटांचा हॉल. २० वर्षं जुना, ५० वॅटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर, बुकशेल्फ स्पीकर आणि त्याच काळातला सीडी प्लेअर. आता लॅपटॉप आणि टीव्हीही याच सिस्टमवर ऐकायचे आहेत, पण लॅपटॉप हेडफोन जॅकमधून जोडला की गाण्यामागे गुणगुण ऐकू येते. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीतं. ६० हजारांचा आर-टू-आर प्रकारचा डॅक (डिजिटल सिग्नलचा ऐकण्याजोगा विद्युत सिग्नल करणारं उपकरण) घ्यावा, की सीडी प्लेअरमधले ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिप) बदलून भागेल?

डॅक घ्या, पण ६० हजारांचा नको. आणि ऑप-अँपला हात लावू नका. लॅपटॉपचा हेडफोन जॅक हे तुमच्या सिस्टममधलं खरं दुखणं आहे आणि ते १० ते १५ हजारांच्या चांगल्या डॅकने जाईल. गुणगुण मात्र डॅक बदलूनही राहू शकते, कारण तिचं मूळ बहुधा डॅकच्या बाहेर आहे. म्हणून कोणता डॅक घ्यायचा यापेक्षा तो जोडायचा कसा, यावर इथे जास्त लिहितो आहे. महाग डॅक चुकीच्या पातळीवर आणि खराब अर्थिंगवर जोडला, तर नीट जोडलेल्या साध्या डॅकपेक्षा तो वाईट वाजतो.

आधी डॅककडून किती अपेक्षा ठेवायची ते पाहू. सीडीवरचा १६ बिटांचा आवाज सिद्धांताने ९८ डेसिबलपर्यंतचा पल्ला देतो. आज १० हजारांच्या आसपास मिळणाऱ्या टॉपिंग, एसएमएसएल, फिओ यांच्या डॅकचा पल्ला ११५ डेसिबलच्या पुढे असतो. म्हणजे सीडीवर जे आहे ते सगळं हे डॅक पोचवतात, वर जागा शिल्लक ठेवून. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच त्याच्या अलीकडे थांबतो, आणि वस्तीतल्या फ्लॅटमध्ये पंखा बंद केला तरी रस्त्याचा, लिफ्टचा, शेजारच्या मिक्सरचा आवाज असतोच. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं असेल तर त्याची स्वतःची खरखरच इतकी असते की दोन बऱ्या डॅकमधला फरक तिथे शोधण्यात अर्थ नाही.

तुमच्या सीडी प्लेअरचंही तसंच. २००० नंतरच्या बहुतेक प्लेअरमधला डॅक बरा असतो. त्याची डिजिटल आउटपुट नव्या डॅकला जोडून फार मोठा बदल ऐकू येईल अशी आशा धरू नका. सीडी अडखळत असेल किंवा मध्येच टक् असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा लेझरच्या भिंगावरच्या धुळीत, लेझर थकण्यात किंवा सरकत्या यंत्रणेच्या सुकलेल्या ग्रीसमध्ये आहे. सीडीवरच्या चुका दुरुस्त करण्याचं काम प्लेअरच्या आतच, डिजिटल आउटपुटच्या आधी होतं. जे तिथे हुकलं ते पुढचा कुठलाही डॅक परत आणत नाही.

लॅपटॉपच्या जॅकचं प्रकरण वेगळं. तिथे डॅकची चिप मदरबोर्डवर प्रोसेसर, वाय-फाय आणि डिस्प्ले यांच्या शेजारी बसलेली असते, आउटपुट बऱ्याचदा १ व्होल्टच्या आसपास असते आणि माउस हलवला की किरकिर होते. टीव्हीच्या हेडफोन जॅकचंही हेच. इथे बाहेरचा डॅक लावला की फरक पहिल्या मिनिटात कळतो.

आता निवड. चिप कोणाची, ईएसएसची की एकेएमची, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. चिपभोवतीचं सर्किट नीट असेल तर दोन्हींमधला फरक कानाला लागत नाही. आर-टू-आर, म्हणजे रेझिस्टरच्या शिडीने आवाज घडवणारा डॅक, ही जुनी आणि देखणी कल्पना आहे, पण त्यातलं गणित अवघड आहे. १६ बिटांची शिडी अचूक चालायला सर्वांत वरच्या बिटाचा रेझिस्टर साधारण ६५,५३६ मध्ये १ इतका अचूक लागतो, म्हणजे ०.००१५ टक्के. बाजारातले महागडे ०.०१ टक्क्याचे रेझिस्टर वापरले तरी नुसत्या शिडीतून १३ बिटांच्या आसपासच खरी अचूकता मिळते. उरलेली कसर कंपन्या शिडीचे तुकडे पाडून आणि डिजिटल दुरुस्ती करून भरून काढतात. त्याचाच खर्च किमतीत येतो. त्यातून मिळणारं विरूपण (डिस्टॉर्शन) कुणाला गोड वाटू शकतं, आणि आवडत असेल तर जरूर घ्यावा. पण जास्त खरा आवाज मिळेल या समजुतीने ६० हजार घालू नयेत.

अशा डॅकमध्ये बऱ्याचदा एनओएस नावाचा मोड असतो, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंगशिवाय, नमुन्यांच्या मधले बिंदू गणिताने न भरता. त्यात सीडीचं गाणं वाजवताना १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून थोडी जास्त घट होते. ‘अ‍ॅनालॉगसारखा मऊ’ आवाज म्हणतात तो बराचसा इथून येतो. ट्रेबलचं बटण किंचित मागे घेतलं तरी त्याच्या बरंच जवळ जाता येतं.

तुमच्या कामासाठी पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. यूएसबी, ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल अशी तिन्ही इनपुट हवीत. रिमोट हवा, कारण लॅपटॉप, टीव्ही आणि सीडी यांत रोज अदलाबदल होणार. चालू असलेला सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) दाखवणारा डिस्प्ले असेल तर उत्तम. तो का लागतो ते पुढे येतं. आरसीए (नेहमीच्या लाल-पांढऱ्या पिनांची) आउटपुट २ व्होल्टच्या आसपास असावी. बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुटसाठी जादा पैसे देऊ नका, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते इनपुटच नाही. एमक्यूए या ऑडिओ फॉरमॅटच्या चिन्हासाठीही देऊ नका. ती कंपनी २०२३ मध्ये आर्थिक अडचणीत जाऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि तिचा मोठा आधार असलेल्या टायडल या स्ट्रीमिंग सेवेने २०२४ मध्ये तो फॉरमॅट सोडला. डीएसडी हा दुसरा एक फॉरमॅट; तो जवळपास प्रत्येक डॅकमध्ये फुकटच येतो, त्याचा विचार नको.

आता त्या गुणगुणीकडे वळू. नवा डॅक यायच्या आधीच हिचा छडा लावा. ५० हर्ट्झची खोल, गोल गुणगुण आणि १०० हर्ट्झच्या पटीतली कर्कश घरघर यांत फरक करा. पहिली बहुधा ग्राउंड लूपची (दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणाऱ्या करंटची) किंवा तुटलेल्या शील्डची (केबलमधल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणाची), दुसरी बहुधा चार्जरची किंवा अ‍ॅम्प्लिफायरमधल्या सुकलेल्या कपॅसिटरची. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची सगळी आरसीए पिनं काढा आणि व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा. तरीही घरघर राहिली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्येच आहे. २० वर्षांनी पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थकलेले असणं अगदी स्वाभाविक आहे, आणि अशा वेळी डॅकचे पैसे आधी तिथे जायला हवेत. अन्यथा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पिनं काढल्यावर शांतता असेल, तर एकेक उपकरण परत जोडा. लॅपटॉप जोडला आणि घरघर आली, तर चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. गेली? मग चार्जर दोषी. बिनअर्थिंगच्या, दोन पिनांच्या चार्जरच्या आत फिल्टरचा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून थोडा करंट सतत लॅपटॉपच्या बॉडीवर पाझरतो. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून हात फिरवला की झिणझिण्या येतात, त्या ह्याच. तो करंट परत जायला वाट शोधतो आणि त्याला तुमच्या आरसीए केबलची शील्ड सापडते.

टीव्ही जोडल्यावर आवाज आला, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलची तार काढून पाहा. आपल्याकडे सोसायटीत ही तार गच्चीवरून, कधी समोरच्या इमारतीवरून येते आणि तिची शील्ड भलत्याच ठिकाणी अर्थ झालेली असते. तुमच्या फ्लॅटचा अर्थ आणि त्या शील्डचा अर्थ यांत व्होल्टचा फरक असला की तो तुमच्या सिस्टममधून वाहतो. टीव्ही आणि डॅक यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल लावली की हा प्रश्न मुळातूनच मिटतो, कारण काचेतून किंवा प्लास्टिकमधून फक्त प्रकाश जातो, वीज नाही. टीव्हीसाठी ऑप्टिकलच वापरा, कोअ‍ॅक्सिअल किंवा अ‍ॅनालॉग नको.

लॅपटॉपचा मार्ग जरा अवघड. यूएसबी केबलमधून ग्राउंड जातोच, त्यामुळे नवा डॅक लावूनही चार्जरची घरघर तशीच राहू शकते. पहिला उपाय स्वस्त: लॅपटॉप, डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. वेगवेगळ्या खोल्यांतल्या सॉकेटवर नको. दुसरा उपाय यूएसबी आयसोलेटर, म्हणजे यूएसबीमधली विजेची थेट वाट तोडणारं उपकरण, पण घेताना बघा. स्वस्तातले आयसोलेटर १२ मेगाबिटच्या जुन्या वेगावर चालतात. त्यातून २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंतच जातं आणि ४८० मेगाबिटची अपेक्षा करणारे काही डॅक त्यावर ओळखलेच जात नाहीत. विकत घेताना ‘हाय स्पीड’ लिहिलेलं आहे का, हे तपासा. तिसरा उपाय सर्वांत स्वच्छ: ऑप्टिकल आउटपुट असलेला छोटा नेटवर्क स्ट्रीमर, किंवा डिजिटल आउटपुटचा बोर्ड लावलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. मग लॅपटॉप फक्त वाय-फायने आज्ञा देतो आणि सिस्टमला त्याची तार लागतच नाही.

अर्थिंगबद्दल स्पष्ट लिहितो. गुणगुण घालवायला थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधीच पाळू नका. त्या पिनमुळेच आतली तार सुटून बॉडीला लागली तर फ्यूज किंवा एमसीबी उडतो. ती काढली की तेच २३० व्होल्ट धातूच्या बॉडीवर राहतात आणि हात लावणारा मरू शकतो. उलट घरात अर्थिंग खरोखर आहे का, ते पाहून घ्या. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये तेवढेच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. फेज आणि अर्थमध्ये ७०, ११०, ९० असे भटकते आकडे दिसले, तर ती अर्थची तार कुठेच जोडलेली नाही असं समजा. पेठांतल्या जुन्या इमारतींत हे विशेष आढळतं. मीटरचे प्रोब मेन्समध्ये घालायची सवय नसेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच हे मोजून घ्या. घरी इन्व्हर्टर असेल आणि तो शुद्ध साइन वेव्हचा नसेल, तर गुरुवारी देखभालीसाठी वीज गेल्यावर सिस्टम त्यावर चालवू नका. चौकोनी लहरीवर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

यानंतर पातळी. या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि तुमच्या सिस्टममध्ये ती हमखास अडवणार. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा ऑक्स इनपुट बहुधा २०० मिलिव्होल्टला पूर्ण ताकद देणारा असतो. नवा डॅक २ व्होल्ट देतो, म्हणजे दहापट, २० डेसिबल जास्त. याचे दोन परिणाम होतात. व्हॉल्यूमचं बटण घड्याळातल्या आठ-नऊच्या काट्यापलीकडे नेताच येत नाही, आणि बटणाच्या त्या सुरुवातीच्या भागात डावा-उजवा ट्रॅक जुळलेले नसतात. गायक मधोमध न बसता एका बाजूला सरकतो. दुसरं म्हणजे काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्यूमच्या आधी एक बफर किंवा टोनचं सर्किट असतं. तेच २ व्होल्टने कापलं जातं, आणि मग हळू आवाजातही तार सप्तकातला स्वर चिरका येतो. लोक डॅकला दोष देतात आणि आणखी महाग डॅक आणतात, जो २.५ व्होल्ट देतो.

उपाय दोन रेझिस्टरचा आहे. प्रत्येक चॅनेलसाठी २.२ किलोओहम आणि १ किलोओहम, पाव वॅटचे, १ टक्का मेटल फिल्म. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत होतं. आरसीएचे प्लग आणि सॉकेट मात्र जरा बरे घ्या. डॅककडून येणाऱ्या मधल्या पिनेपासून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या मधल्या पिनेपर्यंत २.२ किलोओहम जोडा. मग अ‍ॅम्प्लिफायरकडच्या मधल्या पिनेपासून ग्राउंडला १ किलोओहम. झालं. यातून १० डेसिबल कमी होतात, म्हणजे २ व्होल्टचे ०.६२ व्होल्ट. बटण आता १० ते १२ च्या काट्यावर चालेल आणि ट्रॅक जुळतील. हा जोड अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटपाशी लावा, डॅकच्या बाजूला नको, म्हणजे पुढची तार छोटी राहते. दिशा नीट पाहा. उलटा लावला तर आवाज जेमतेम अर्धा डेसिबल उतरतो आणि डॅकवर १ किलोओहमचा नाहक भार पडतो. सॉकेटच्या बाजूला मार्करने खूण करून ठेवा. चारही रेझिस्टर सोल्डर करण्याआधी मीटरवर मोजा आणि डाव्या-उजव्या जोडीत एक टक्क्यापेक्षा जास्त फरक असेल तर बदलून घ्या.

डॅकच्या डिजिटल व्हॉल्यूमनेही आवाज कमी करता येतो आणि ५-१० डेसिबलपर्यंत त्याने काही बिघडत नाही. २५-३० डेसिबल खाली आणलं तर मात्र सिग्नल लहान होतो आणि डॅकचा स्वतःचा नॉइज तसाच राहतो. म्हणून मोठी घट रेझिस्टरने करा आणि डॅकच्या व्हॉल्यूमवर फक्त ३-४ डेसिबल खाली ठेवा. ते का, तर हल्लीची मराठी-हिंदी चित्रपटगीतं इतकी जोरात मास्टर केलेली असतात की दोन सॅम्पलच्या मधलं खरं शिखर शून्याच्याही वर जातं आणि डॅकच्या डिजिटल फिल्टरमध्ये कापलं जातं. ती तीन-चार डेसिबल जागा त्याला पुरते. आणखी एक, फोनो लिहिलेल्या इनपुटला डॅक कधीही जोडू नका. तो काही मिलिव्होल्टसाठी असतो आणि बेस फुगवतो.

जोडणीच्या बारकाव्यांत, सीडी प्लेअरच्या कोअ‍ॅक्सिअलसाठी ७५ ओहमची केबल लागते. जुन्या डीव्हीडी प्लेअरसोबत आलेली पिवळ्या पिनेची व्हिडिओ केबल हीच असते, एक-दीड मीटरची असली तर छान चालते. तिच्या जागी हजारोंची डिजिटल केबल घेऊन आकडे बदलत नाहीत. ऑप्टिकल केबल तीव्र कोनात वाकवू नका आणि टोकावरची प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका, ‘आवाजच येत नाही’ अशी तक्रार बऱ्याचदा त्या टोपीपाशी येऊन थांबते. डॅकचा अ‍ॅडॉप्टर नीट पाहून लावा. ५ व्होल्टचा, ९ व्होल्टचा आणि १२ व्होल्टचा, तिघांचीही पिन बहुतेकदा तीच ५.५ बाय २.१ मिलिमीटरची असते. राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्टच्या डॅकला लावला की डॅक तिथल्या तिथे जातो. दोन्ही वायरींवर पट्टी लावून व्होल्ट लिहून ठेवा.

विंडोजवर डॅक २०१७ नंतरच्या आवृत्त्यांत वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. पण विंडोजचा मिक्सर सगळं एकाच सॅम्पल रेटला बदलतो, आणि तो रेट बहुधा ४८ किलोहर्ट्झ असतो. सीडीचं गाणं ४४.१ चं. डॅकच्या डिस्प्लेवर सतत ४८ दिसत असेल, तर मधे रूपांतर होतं आहे. फूबारसारख्या प्लेअरमध्ये वासापीचा एक्सक्लुझिव्ह मोड (विंडोजचा मिक्सर टाळणारा मार्ग) निवडा, डिस्प्ले ४४.१ वर आला की काम झालं. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये हा रेट हाताने बदलावा लागतो. अँड्रॉइड फोनही मधे हात घालतो. त्यासाठी डॅकशी थेट बोलणारी वेगळी प्लेअर अ‍ॅप मिळतात. या रूपांतराचा आवाजावर होणारा परिणाम हल्ली लहान आहे, पण सेटिंग फुकटचं आहे, ते करूनच टाका. मध्येच टक्-टक् ऐकू आलं तर यूएसबी हब काढा, केबल दोन मीटरच्या आत ठेवा आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमधला यूएसबी सस्पेंड बंद करा. बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं.

टीव्हीला ऑप्टिकल जोडल्यावर शांतता किंवा भयानक खरखर आली, तर टीव्ही डॉल्बीचा प्रवाह पाठवतो आहे. साउंड मेन्यूत डिजिटल आउटपुट पीसीएम करा. टीव्हीची घड्याळ-लय ढिली असते, त्यामुळे ईएसएस चिपच्या काही डॅकमध्ये टीव्हीवर मधेमधे आवाज तुटतो. मेन्यूत डीपीएलएल नावाचं सेटिंग असेल तर ते एक-दोन पायऱ्या वर न्या. फिल्टरची पाच-सात नावं दिसतील, तिथे फास्ट लिनिअर ठेवा आणि विसरून जा.

ऑप-अँपबद्दल लवकर आटोपतो. सीडी प्लेअरमध्ये बहुधा एनई ५५३२ असेल. या जागी त्याचं विरूपण कानाच्या पट्टीच्या बरंच खाली आहे. त्याजागी एलएम ४५६२ सारखा वेगवान ऑप-अँप बसवला आणि पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नसेल, तर तो मेगाहर्ट्झमध्ये थरथरू लागतो. ऐकू येत नाही, पण चिप गरम होते आणि आवाज खरखरीत होतो. शिवाय २० वर्षांच्या बोर्डवर सोल्डर काढताना तांब्याचे पॅड उचकटतात. लिनिअर पॉवर सप्लायचंही तसंच: डॅकच्या आत चांगले रेग्युलेटर असतील तर बाहेरून काही बदलत नाही. घरघर अ‍ॅडॉप्टरच्या गळतीमुळे येत असेल तरच त्याचा उपयोग, आणि ते वरच्या चाचणीत कळलेलं असेल.

वाचलेले पैसे खोलीत घाला, हे मनापासून सांगतो. १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला लहर उभी राहते. छत साडेनऊ फुटांवर असेल तर उंचीत ५९ हर्ट्झला. ५६ आणि ५९ एकमेकांना चिकटून येतात आणि तिथे आवाज सहज ८-१० डेसिबल फुगतो. डग्ग्याची मींड गदगदते ती इथे. दोन डॅकमधला फरक डेसिबलच्या दहाव्या भागातला, आणि खोलीचा हा असा.

त्याहून महत्त्वाचं गायनासाठी. स्पीकरचा पुढचा भाग मागच्या भिंतीपासून २ फुटांवर असेल, तर भिंतीवरून परतलेली लहर १४० हर्ट्झच्या आसपास सरळ आवाजाला मारते. काळी एकचा मध्य षड्ज, म्हणजे बऱ्याच पुरुष गायकांचा सा, १३८.६ हर्ट्झला आहे. सा-च पोकळ येतो आणि लोक म्हणतात डॅकला ‘बॉडी’ नाही. स्पीकर ३ फुटांवर आणले की ही दरी ९४ हर्ट्झच्या आसपास सरकते. उलट अगदी भिंतीजवळ, म्हणजे ९-१० इंचांत आणले की ती ३५० हर्ट्झच्या आसपास जाते आणि बेस वाढतो. १० फुटांच्या हॉलमध्ये ३ फूट देणं जड जातं, हे खरं. तरीही एक संध्याकाळ फक्त टेप घेऊन जागा बदलत ऐका, तानपुऱ्यासोबत नुसता षड्ज लावलेला भाग लावून. विट्रिफाइड टाइल्सवर जाड सतरंजी आणि समोरच्या काचेवर जाड पडदा यांनी टाळीचा खणखणाट उतरतो. मोजमाप करायचं असेल तर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक पुरतो. ५६-५९ चा फुगवटा लॅपटॉपवरच्या इक्वलायझरने ५-६ डेसिबल उतरवता येतो. दऱ्या मात्र इक्वलायझरने भरायला जाऊ नका, अ‍ॅम्प्लिफायरची ताकद जाते आणि दरी तशीच राहते.

डॅक घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत जुन्याशी तुलना करा, पण पातळी जुळवून. स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावा, २०० हर्ट्झचा टोन वाजवा आणि दोन्ही वेळेस १.००० व्होल्ट आणा. १.०१२ झालं तरी तो ०.१ डेसिबलचा फरक आहे, आणि २ विरुद्ध २.५ व्होल्ट म्हणजे जवळपास २ डेसिबल. जोरातला नेहमी चांगला वाटतो. १ किलोहर्ट्झचा टोन नको, कारण साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकीचं दाखवू लागतात. सीडी प्लेअरला ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल दोन्ही आउटपुट असतील तर दोन डॅक एकाच वेळी जोडता येतात, आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या नकळत इनपुट बदलायला सांगता येतं. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखता आलं, तर फरक खरा आहे असं धरायला हरकत नाही. त्यापेक्षा कमी असेल तर स्वस्तातला ठेवा. याच मुदतीत डॅकच्या आउटपुटवर डीसीही मोजा, काहीच वाजत नसताना. ५ मिलिव्होल्टच्या आत हवं. २०-३० दिसले तर परत पाठवा, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते वाढून स्पीकरपर्यंत जाऊ शकतात.

सीडी प्लेअर विकू नका. वाचतो आहे तोवर त्याची कोअ‍ॅक्सिअल आउटपुट डॅकला द्या आणि चालू ठेवा. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की अ‍ॅम्प्लिफायर आणि डॅकचे प्लग काढा, सोबत टीव्हीची केबल आणि इंटरनेटची तारही, कारण बऱ्याचदा तिकडूनच झटका येतो. ओलसर महिन्यांत आरसीएच्या पिनांवर काळपट थर चढतो आणि एक चॅनेल कधी येतो, कधी जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिनं आणि सॉकेट पुसा आणि सॉकेटमध्ये पिन पाच-सहा वेळा फिरवून बसवा. तेलकट स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ बसते.